पाणी १०० अंशालाच उकळतं का?



"पाणी किती अंश सेल्सिअसला उकळते?" हा प्रश्न कोणत्याही वर्गात विचारून बघा. निम्म्या वर्गाचे हात वर होतील आणि सगळे एका सुरात सांगतील, "शंभर!" वहीत हेच, स्वाध्यायात हेच, सामान्य ज्ञानाच्या पुस्तिकेत हेच. हे उत्तर खोटं नाही, पण ते अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं आहे: हवेचा दाब समुद्रसपाटीला असतो तेवढा असेल, तर शुद्ध पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं.

यातला "दाब तेवढा असेल, तर" हा तुकडा मुलांना जड जाईल म्हणून आपण बऱ्याचदा गाळतो. माझ्या मते सहावी-सातवीच्या मुलांना तो मुळीच जड नाही. उलट तो गाळल्याने दोन ठिकाणी अडतं. मूल स्वतः मोजायला लागलं की त्याच्यापुढे पेच पडतो, मोजलेलं खरं धरायचं की छापलेलं? आणि दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात रोज शिट्ट्या मारत असते. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण पालकांनी ती वाचायलाच हवी.

माझी शाळा अकोले तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. आम्ही पाणी उकळायला शाळेच्या पोषण आहाराची शेगडी वापरली, कारण स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्रभर पाणी उकळेपर्यंत तास संपतो आणि मुलांचं लक्षही संपतं. खिचडी झाल्यावर मावशींनी शेगडी मोकळी करून दिली. छोटं पातेलं, त्यात पाणी, वर लाकडी पट्टीला दोऱ्याने टांगलेली तापमापी. तिचा फुगा पातेल्याच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, हे मुलांना आधीच सांगितलं होतं, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. दोन मुलं तापमान वाचत होती आणि एक मुलगी दर मिनिटाला वहीत लिहीत होती.

८०, ८६, ९१, ९५. मग पाणी खळखळायला लागलं आणि पारा साडेसत्त्याण्णवच्या आसपास जाऊन थांबला. मुलं वाट बघत राहिली. एकाने न विचारताच गॅस मोठा केला. खळखळ वाढली, वाफ वाढली, पण पारा जागचा हलेना.

"बाई, थर्मामीटर खराब आहे."

हे ऐकलं की मला फार बरं वाटतं. मूल यंत्रावर शंका घेतंय, म्हणजे विज्ञान सुरू झालं. मी एवढंच विचारलं, "खराब आहे हे कसं ठरवायचं?" यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की तापमापी वितळत्या बर्फात धरायची. गावातल्या किराणा दुकानाच्या फ्रीजमधून बर्फ आला. पारा शून्यावर. मग विज्ञान पेटीतली दुसरी तापमापी काढली, तिने उकळत्या पाण्यात ९८ दाखवलं. पाणी बदललं, हापशाऐवजी गाळलेलं पावसाचं पाणी घेतलं. तरीही शंभर काही येईना.

तुम्ही हे शाळेत करून बघणार असाल तर एक सांगते. शाळेच्या तापमाप्यांमध्ये एखाद्या अंशाचा फरक असतोच. त्यामुळे एका तापमापीच्या एका आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. तीच तापमापी दोन वेगळ्या उंचीच्या जागी नेली आणि फरक पडला, तर तो फरक बोलका असतो. आमच्या सुदैवाने त्या वर्षी सहल कोकणात दापोलीकडे होती. तापमापी कपड्यात गुंडाळून बरोबर घेतली. मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या काकूंना विचारून त्यांच्या शेगडीवर पाणी ठेवलं. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर. गावाकडे साडेसत्त्याण्णवला थांबणारा पारा तिथे शंभराच्या रेघेला टेकला. समुद्र बघून झाला नव्हता इतका आरडाओरडा पोरांनी त्या रेघेसाठी केला. काकूंना वाटलं, कुणाला भाजलं की काय!

आता थोडा हिशोब. उंचीवर गेलं की दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनांक साधारण एक अंशाने उतरतो, एवढं ढोबळ गणित मुलांना पुरतं. मुंबईत १००. पुणे साधारण ५६० मीटरवर, तिथे ९८. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे साडेपंच्याण्णव. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे ८८. एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८८४९ मीटरवर, सत्तरीच्या आसपासच पाणी उकळायला लागतं. तिथला चहा उकळता असूनही आपल्या अर्थाने कडकडीत नसतो.

हे असं का होतं? मी वर्गात सांगते ते असं. तापलेल्या पाण्याच्या आत, अगदी तळाशी, वाफेचा बुडबुडा तयार व्हायला बघतो. पण त्याच्या डोक्यावर पाणी आहे आणि पाण्याच्या डोक्यावर सगळ्या आभाळाची हवा आहे. हवा दिसत नाही, पण तिला वजन असतं. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, जवळपास एक किलोचा भार. बुडबुड्यातली वाफ आतून तेवढ्याच जोराने ढकलू शकली तरच तो टिकतो, नाही तर लगेच चिरडला जातो. पाणी जसं तापेल तसा वाफेचा जोर वाढतो. १०० अंशाला तो जोर समुद्रसपाटीच्या हवेशी बरोबरी करतो. बुडबुडे टिकतात, वर येतात, फुटतात. यालाच आपण उकळी फुटली म्हणतो. डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, भार कमी, म्हणून बुडबुड्याला कमी जोर पुरतो आणि पाणी लवकर उकळतं. लवकर उकळतं म्हणजे कमी तापमानाला उकळतं. हे दुसरं वाक्य मुद्दाम दोनदा म्हणा. "डोंगरावर पाणी लवकर उकळतं, म्हणजे स्वयंपाकही लवकर होतो" असं मुलं ताबडतोब समजतात, आणि घडतं अगदी उलट.

पातेल्याच्या कडेने सुरुवातीला जे बारीक बुडबुडे दिसतात ते उकळीचे नव्हेत. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. मुलं तिथेच "उकळलं, उकळलं" करतात. करू द्या, आणि पारा बघायला सांगा.

दाबाची गोष्ट हाताने अनुभवायला आमच्याकडे सगळ्यात चांगला ठरला तो इंजेक्शनच्या सिरिंजचा प्रयोग. वीस मिलिलिटरची नवी सिरिंज घ्या, सुई काढून टाका. पाणी आधी उकळून पन्नास-पंचावन्न अंशापर्यंत निवू द्या, म्हणजे विरघळलेली हवा बरीचशी निघून जाते. ते पाच मिलिलिटर पाणी सिरिंजमध्ये ओढा. हे शिक्षकांनीच करायचं, कारण एवढ्या पाण्यानेही चटका बसतो. आत राहिलेली हवा टोक वर धरून बाहेर काढा, टोकाला रबरी टोपी घट्ट लावा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. विस्तव नाही, शेगडी नाही, तरी पाणी खदखदायला लागतं. दट्ट्या सोडला की बुडबुडे क्षणात नाहीसे. ते हवेचे असते तर मागे राहिले असते. वाफेचे होते म्हणून परत पाण्यात जिरले. एका मुलाने ही सिरिंज दिवसभर खिशात ठेवली होती. मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती दुसऱ्या वर्गाची रांग लागली.

तर, आता त्या वहीतल्या आकड्याचं पुढे काय झालं ते सांगते.

त्याच वर्षी एका चाचणीत प्रश्न आला, "पाण्याचा उत्कलनांक किती?" उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेत तपासायला गेल्या. दर मिनिटाला तापमान लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, "आमच्या शाळेत ९७.५ अंश." शून्य गुण. तिचे वडील शेतातून थेट शाळेत आले, पायाला चिखल तसाच. गुणांसाठी भांडायला आलेत असं मला वाटलं, पण त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, पोरीनं खरं लिहिलं का खोटं लिहिलं, तेवढं सांगा. ती दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणते, मी बघितलं होतं."

मी म्हटलं, "खरं लिहिलं."

"मग शून्य का?"

याला काय उत्तर द्याल तुम्ही? "पेपरमध्ये पुस्तकातलंच लिहायचं असतं" असं सांगून मोकळं होता येतं. बरेच जण होतात. पण त्या मुलीने त्यातून काय घेतलं असतं? डोळ्यांनी पाहिलेलं शाळेत ठेवायचं आणि पेपरात दुसऱ्याचं लिहायचं! दुसरीकडे, तपासणाऱ्यांनी अन्याय केला असंही मी वडिलांना सांगितलं नाही. उत्तरसूचीत १०० होतं, त्यांनी त्याप्रमाणे तपासलं. खरी गडबड प्रश्नात होती. "प्रमाण दाबाला" हे दोन शब्द असते तर तिने शंभर लिहिलं असतं, कारण तिला तेही ठाऊक होतं. दापोलीला रेघेवरचा पारा वाचणारी तीच होती.

मी तिला बोलावलं आणि वडिलांसमोर पूर्ण वाक्य लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, "समुद्रसपाटीच्या दाबाला पाणी १०० अंशाला उकळते. आमच्या गावात दाब कमी म्हणून ९७.५ अंशाला उकळते." वडिलांनी कागद घडी करून खिशात ठेवला. शून्याचं शून्यच राहिलं. पण तेव्हापासून आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिकेत मी हा प्रश्न अटीसहच घालते, आणि तुम्हीही तसाच घालावा असं मला वाटतं. एवढाच बदल, पण मोजणाऱ्या मुलाला तो न्याय देतो.

गंमत अशी की ही अट आपण नव्याने चिकटवत नाही, ती पहिल्यापासून होतीच. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ साली आपली तापमानाची मोजपट्टी मांडली. त्यांच्या मूळ पट्टीत उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर होतं, ते पुढे उलटवलं गेलं. (हे मुलांना सांगून बघा, हसून लोटपोट होतात.) पण त्याच लेखात सेल्सिअस यांनी लिहिलं होतं की पाणी उकळण्याचं तापमान हवेच्या दाबाप्रमाणे बदलतं, म्हणून शंभर भाग पाडताना दाब ठरवून घ्यायला हवा. म्हणजे '१००' हा आकडा पाण्याच्या पोटातून निघालेला नाही. माणसांनी एक दाब ठरवला, त्या दाबाला जिथे उकळी फुटते तिथे खूण केली आणि तिला हे नाव दिलं. आपल्या पुस्तकात नाव आलं, खूण कशी केली ते मागे राहिलं.

दोन गोष्टी मी वर्गात नेहमी सांगते. पहिली चार्ल्स डार्विन यांच्या प्रवासातली. मार्च १८३५ मध्ये ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात एका उंच खिंडीतून जात होते. रात्री बटाटे उकळायला ठेवले. भांडं रात्रभर विस्तवावर होतं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी बटाटे कच्चेच. बरोबरचे दोन वाटाडे आपसात कारण शोधत होते. त्यांनी ठरवलं की हे नवं भांडंच कर्मदरिद्री आहे, त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत! डार्विनना कारण माहीत होतं. गोष्ट इथे थांबवून मी मुलांना विचारते, "त्यांनी जाळ मोठा केला असता तर?" ज्यांनी न हलणारा पारा पाहिलाय ती मुलं बरोबर उत्तर देतात. जाळ मोठा केला की पाणी फक्त लवकर आटतं.

हे ऐकून आमच्या मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं पण डाळ शिजत नाही, पाणी जड आहे म्हणून." त्यांचंही बरोबर आहे. पाण्यात क्षार जास्त असले की डाळ लवकर मऊ होत नाही. एका परिणामाला दोन कारणं असू शकतात, हे मुलांना कळायला हे उदाहरण आयतंच मिळालं. "मीठ घातलं की पाणी जास्त तापतं" हेही काही पालक सांगतात. तापतं, पण एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ घातल्याने उत्कलनांक जेमतेम अंशाच्या दहाव्या भागाने वाढतो. चवीपुरतं घाला!

दुसरी गोष्ट आपल्याच एका गुरुजींची आहे, म्हणून मला जास्त प्रिय. कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे नैनसिंग रावत. हे गावच्या शाळेत शिक्षक होते, म्हणूनच त्यांना 'पंडित' म्हणत. तिबेटमध्ये त्या काळी परक्यांना प्रवेश नव्हता आणि इंग्रज सरकारला तिथला नकाशा हवा होता. सर्वेक्षण खात्याने त्यांना डेहराडूनला शिकवून तयार केलं आणि ते वेष पालटून निघाले. हातातल्या जपमाळेत १०८ च्या जागी १०० मणी होते, पावलं मोजायला. प्रार्थनाचक्राच्या पोटात नोंदींचे कागद. आणि काठीत लपवलेली तापमापी. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. वाटेत आणि ल्हासामध्ये त्यांनी जागांची उंची कशी काढली? पाणी उकळून! ज्या अंशाला पाणी उकळतं त्यावरून हवेचा दाब कळतो, दाबावरून उंची कळते. ल्हासा साडेतीन हजार मीटरहून उंच आहे, तिथे ८८ अंशाच्या आसपास उकळी फुटते. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. एक प्राथमिक शिक्षक चहाला ठेवावं तसं आधण ठेवून डोंगराची उंची मोजत होता, हे सांगताना दरवेळी माझा आवाज थोडा चढतोच.

आता कुकर.

डोंगरावर दाब कमी म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. मग दाब वाढवला तर? जास्त तापमानाला उकळणार. कुकर एवढंच करतो. झाकण घट्ट, रबराची रिंग लावलेली, वाफेला जायला वाट नाही, म्हणून आतला दाब वाढत जातो. तो बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त झाला की शिट्टीचं वजन उचललं जातं. तेव्हा आतलं पाणी १२० अंशाच्या आसपास असतं. म्हणून डाळ पटकन शिजते. ही कल्पना फ्रान्सच्या डेनिस पापिन यांची, १६७९ सालची. जास्तीची वाफ सोडणारी सुरक्षा झडपही त्यांनीच शोधली. कुकर आणि झडप एकाच डोक्यातून निघाले, याचा अर्थ धोका त्यांना पहिल्या दिवशीच कळला होता.

शिट्टीचा हिशोब सातवीच्या मुलांना सहज जमतो. समजा वाफेच्या भोकाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरचा दहावा भाग आहे आणि शिट्टीचं वजन १०० ग्रॅम. मग एका चौरस सेंटिमीटरला १००० ग्रॅम, म्हणजे एक किलो. इथपर्यंत सगळे खूश असतात. मग मी झाकणाचा हिशोब करायला लावते. झाकण वीस सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. प्रत्येकावर आतून एक किलोचा जास्तीचा जोर. एकूण ३१४ किलो! पन्नास किलोची सहा पोती खालून झाकण ढकलताहेत असं समजा. वर्ग एकदम शांत होतो.

त्या शांततेत मी विचारलं, "घरी स्वतः कुकर कोण लावतं?" निम्म्याहून जास्त हात वर आले. आई-वडील शेतात, म्हणून शाळेतून गेल्यावर हीच मुलं डाळभात लावतात. त्यात मुलीच जास्त, हे तुम्हाला सांगायला नको. मग उघडता कसा, हे विचारलं. कुणी शिट्टी चमच्याने वर उचलून वाफ काढतं. कुणी नळाखाली धरतं. एकाच्या घरी सेफ्टी व्हॉल्व्ह गेला होता, तिथे स्क्रू बसवलाय. एक मुलगी म्हणाली, "झाकण अडकलं की मी आणि दादा मिळून ओढतो."

पालकहो, हे नीट वाचा. बंद कुकरमध्ये १२० अंशाचं पाणी शांत असतं, कारण त्याच्या डोक्यावर दुप्पट दाब आहे. झाकण ओढून उघडलं की तो दाब एका क्षणात जातो. त्या पाण्याला आता १०० अंशालाच उकळायचं आहे आणि ते तर वीस अंश पुढे आहे. मग ते सगळं एकदम उकळतं. एका लिटरमागे साधारण ३५ ते ४० मिलिलिटर पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते, आणि एवढ्या पाण्याची वाफ साठ लिटरच्या आसपास जागा मागते. तीन-चार लिटरच्या भांड्यातून ती डाळीसकट बाहेर येते. समोर मुलाचा चेहरा असतो. सिरिंजमधला दट्ट्या आठवा. तिथे पाच मिलिलिटर कोमट पाणी होतं, इथे उकळत्याहून गरम डाळ आहे.

नळाखाली धरल्यावरही तेच, जरा हळू. बाहेरून गार पाणी पडलं की वरची वाफ थंड होऊन दाब झपकन उतरतो, आतली डाळ अजून तापलेली असते, ती जोरात उसळते आणि फेस वाफेच्या नळीत अडकू शकतो. भात-बटाट्याला हे लोक करतात, पण लहान मुलांच्या हाती हा उद्योग देऊच नका.

आमच्याकडे 'कुकर पडला' असं म्हणतात, म्हणजे आतली वाफ बसली, दाब उतरला. हा शब्द फार चांगला आहे. मुलांना तोच नियम द्या: कुकर पडल्याशिवाय हात लावायचा नाही. पडला की झाकण आपसूक सैल होतं. ओढायला लागतंय याचा अर्थ अजून पडला नाही. भूक कितीही लागलेली असो. आणि मोठ्या माणसांनी करायचं ते असं. कुकर लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. डाळ-तांदूळ फुगतात, फेसाळतात, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरू नका. तळाशी पाणी विसरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच बसवा. आतलं पाणी संपून कुकर फार तापला की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तिथे स्क्रू बसवला तर पापिन यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ठेवलेली वाट आपण बुजवली. ज्या घरी स्क्रू होता त्या घरी मी स्वतः गेले. नवीन व्हॉल्व्ह किरकोळ किमतीत तालुक्याच्या बाजारात मिळाला.

आणखी एक, गॅस वाचवण्याचं. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. आतलं तापमान शिट्टीच्या वजनावर ठरतं, जाळावर नाही. पातेल्यातल्या आधणालाही हेच लागू. उकळी आल्यावर मोठा जाळ ठेवून पारा चढत नाही, हे आमच्या मुलांनी शेगडीपाशी उभं राहून पाहिलंय. दोघा-तिघांनी घरी आईला हे ऐकवलं. एका आईने मला पालक सभेत सांगितलं, "आता पोरगं स्वयंपाकघरात येऊन गॅस बारीक करतं, मी पुन्हा मोठा करते, ते पुन्हा बारीक करतं."

या डिसेंबरमध्ये आम्ही कळसूबाईला जाणार आहोत. उंची १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतं. तापमापी प्लॅस्टिकच्या पाइपात कापूस घालून नेणार. वाटेत चहा करणारे असतात, त्यांच्या चुलीवर आमचं पातेलं ठेवायची परवानगी मागायची असं ठरलंय. मागच्या भिंतीवर तक्ता लावलाय, त्यात प्रत्येकाने आपला अंदाज लिहिलाय. बहुतेकांनी तीनशेने भागून साडेचौऱ्याण्णव काढलंय. दोघांनी आपल्या तापमापीची सवय धरून ९५ लिहिलंय. एकाने ९२. का, विचारलं तर म्हणाला, "बाई, वर वारा लई असतो." त्याला मी काही बोलले नाही. पातेल्यावर झाकण न्यायचं का, यावर सध्या वर्गात दोन गट आहेत.